ओल्या मातीचा रांजण

चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी उगाच हळहळायला नको.

चांदूर बाजारच्या शाळेत मी चौथीत होतो. हुरड्याचे दिवस. शाळा तपासायला साहेब येणार होते, म्हणून ड्रॉइंगच्या मास्तरांनी मातीकाम काढलं होतं. वर्गाच्या मधोमध मोठं घमेलं, त्यात मळलेली काळी माती. प्रत्येकानं आपला गोळा घ्यायचा, त्याचा बैल करायचा, उरलेली माती परत घमेल्यात दाबायची. वरून ओलं पोतं, म्हणजे उद्याला मऊ राहते. सगळ्यांना हा नियम. मला वेगळा. माझा गोळा एखाद्या पोट्ट्यानं वरून माझ्या ओंजळीत टाकायचा. उरलेली माती मी बाहेर लिंबाखाली नेऊन टाकायची.

त्या दिवशी माझा बैल फार चांगला उतरला. वशिंड असं आलं की बैल आता मान हलवतो की काय. मास्तर चार हातांवरून वाकले आणि म्हणाले, "अरे वा! याच्या बैलाचं वशिंड बघा रे."

बस. माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. तरंगतच उठलो आणि उरलेली माती सरळ घमेल्यात दाबली. नुसती टाकली नाही. अंगठ्यानं दाबली, चांगली एकजीव केली.

"मास्तर, यानं माती इटाळली!"

मास्तरांनी डोळे मिटले. मारलं नाही. ते मारणारे नव्हतेच, सज्जन होते. डोळे मिटूनच म्हणाले, "ओतून द्या."

दोघांनी घमेल्याच्या कड्यांत काठी घातली, हात न लावता ते बाहेर नेलं आणि नालीपाशी उपडं केलं. सगळा वर्ग खिडकीत. काही पोट्टे हसत होते, कारण आता तासभर काम नव्हतं. मला वाटलं, झालं, संपलं. तर मास्तर म्हणाले, "तुझ्यामुळे गेली, तूच भर. नदीवरून टोपलंभर माती घेऊन ये. वाळलेली आण."

वाळलेली. तो शब्द तेव्हा कानावरून गेला.

नदी अर्धा मैल. काठाला पाणी हटून चिखलाच्या पापड्या झाल्या होत्या, त्या गोळा केल्या आणि टोपलं डोक्यावर घेऊन आलो. मास्तर म्हणाले, "ठेव तिथं." आणि आता जे सांगतो ते सांगायला मला आजही जड जातं. मी आपण होऊन दुसरी खेप केली. कुणी सांगितलं नव्हतं. मास्तर खूश व्हावेत म्हणून. दुसरं टोपलं ओतलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. त्यांनी मान हलवली. मला बरं वाटलं.

पोट्ट्यांनी माती कुटली, पाणी घातलं, मळली. मी व्हरांड्यात. माझ्या डोक्यावरून आलेली माती चालली. माझ्या हातानं मळलेली चालली नाही. दहा वर्षांच्या पोराला यातलं काही कळलं नाही. कोडं मात्र पडलं.

तीन दिवसांनी साहेब आले. माझा बैल तोवर खडखडीत वाळला होता. मास्तरांनी तो उचलला. स्वतःच्या हातानं, तळव्यावर घेऊन. "हे आमच्या मुलांचं काम, साहेब."

आमच्या! मी घरापर्यंत पळत गेलो. माय ज्वारी पाखडत होती. तिला सगळं सांगितलं, मास्तरांनी कसा धरला, साहेबांनी कसा पाहिला.

"नाव सांगतलं का तुह्यं?" माय म्हणाली.

"नाही."

"मंग?" आणि ती परत पाखडू लागली.

मग कुठे कोडं सुटलं. कोरडं चालतं, ओलं चालत नाही. आमच्या घरची ज्वारी चालते, भाकर चालत नाही. आम्ही फोडलेलं सरपण चालतं, आम्ही भरलेलं पाणी चालत नाही. माझा वाळलेला बैल टेबलावर, ओली माती नालीत. पुढे छप्पन साली बाप नागपूरला जाऊन आला. घरातले देव गेले, कपाळावरचं गेलं, मेलेलं ढोर ओढायचं गेलं. माझ्या डोक्यातलं ओलं-कोरडं तेवढं गेलं नाही. ते मी अकोल्याला नोकरीवर सोबत घेऊन गेलो.

अकोल्याच्या एका खाजगी शाळेत मी ड्रॉइंग मास्तर लागलो. साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आता मला कुणी "दूर उभा राहा" म्हणत नव्हतं. सगळे "या, बसा" म्हणायचे. त्यामुळे माझं काम वाढलं. आधी अपमान आपला आपण चालत यायचा, आता तो शोधावा लागत होता. कोणी काय दिलं? कोरडं की ओलं? शेंगदाणे दिले, पण चहा? पान दिलं, पण त्याला चुना कोणी लावला? आमची मुलं आता मोठी झालीत, ती याला "बाबांचं हवामान खातं" म्हणतात. म्हणोत. माझा अंदाज हवामान खात्याइतकाच चुकायचा, हेही खरं.

शाळेत करीमभाई शिपाई. वयानं माझ्याहून मोठे, बोलायला तिखट. रोज दुसऱ्या तासाला मास्तरांच्या खोलीत सगळ्यांना पाणी आणून देत. एक दिवस मला पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मनात म्हटलं, हं. तिसऱ्या दिवशी करीमभाईंना गाठलं आणि पडेल आवाजात विचारलं, "करीमभाई, माझं पाणी कोणी बंद केलं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो मास्तर, रोजे चालू हायेत बाप्पा! माह्याच घशाले कोरड पडली, तुमच्या पान्याची याद कुठून राहीन? तीन दिवसांपासून हेडसरलेई पानी नाही भेटलं. त्यायनं काही चौकशी लावली नाही!"

मी शाळाभर तोंड लपवत फिरलो. करीमभाई पुढे कित्येक महिने ग्लास हातात देताना म्हणायचे, "घ्या मास्तर. चालू हाय तुमचं पानी."

हेडसरांचं मात्र मला कधी कळलं नाही. ते पुण्याकडचे. बोलणं असं की लोण्यात सुरी. दिवाळीला त्यांनी सगळ्या मास्तरांना फराळाला बोलावलं. चिवडा, शंकरपाळे, चकली. सगळं कोरडं. मी बसल्या बसल्या हिशेब मांडला. चहा आला, पण मी आधीच "चहा घेत नाही" म्हणून बसलो होतो. का म्हणालो? विचारलंच नाही तर काय घ्या, म्हणून. आता मला चहा मिळाला असता की नसता? कुणास ठाऊक. घरी आल्यावर बायको म्हणाली, "म्हंजे त्यायनं परीक्षा घ्यायच्या आधीच तुमी पेपर फाडून आले." बायकोचं नाव कमल. तिच्या बोलण्यात असं एखादं वाक्य असतंच.

मुलांच्या बाबतीत मात्र मला संशय नव्हता. पाचवी-सहावीची मुलं. कित्त्यातलं फूल, कित्त्यातलं कप-बशीचं चित्र, ते काढून काढून आंबून गेलेली. मी म्हटलं, कागद बाजूला ठेवा. उद्या घरून जे सापडेल ते आणा. मुलांनी कपाशीच्या पऱ्हाट्या आणल्या, तुरीच्या तुराट्या, ज्वारीचे धांडे, सरकी, पोत्याची सुतळी, जिनिंगच्या भिंतीपाशी पडलेला कापूस. एकानं घरच्या खाटेची सुतळी सोडून आणली, त्याचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत आला. मी एवढंच सांगायचो: आधी हातात घ्या. वाकवा. मोडते कुठे, वाकते कुठे ते बघा. मग काय करायचं ते करा. धांड्याची साल वाकते, गर टोचला जातो, त्याची चाकांची बंडी होते. तुराटी वाकत नाही, पण वजन पेलते. त्या मुलांना हे माझ्याआधी ठाऊक होतं. हे ज्ञान आहे, असं कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

हेडसरांना फार आवडलं. त्यांनी काचेचं कपाट दिलं. "फारच स्तुत्य उपक्रम," म्हणाले. पाहुणे आले की कपाटापाशी नेऊ लागले. मी खूश. आणि आतून एक आवाज: सगळं कोरडं आहे, म्हणून.

मग मी माती काढली.

करीमभाईंच्या ओळखीच्या कुंभाराकडून एक रांजण आणला. आमची काळी माती बदमाश; ओली असताना लोण्यासारखी, वाळली की तडा. पहिल्या आठवड्यात मुलांचे सगळे हत्ती फुटले. घरी कमल अंगणात भिंतीसाठी माती मळत होती, पायानं, कुटार म्हणजे भुसा घालून. मी माझं दुखणं सांगितलं. ती न थांबता म्हणाली, "भिंतीले कुटार लागते. हत्तीले काय कुटार घालसान? कापूस पिंजून घाला. धरून ठेवते." कापूस घातला. हत्ती फुटायचे थांबले. मुलांना वाटलं, सरांना सगळं येतं. मी काही तसं नाही असं म्हटलं नाही.

नियम एकच. चांगलं झालेलं ठेवायचं, बाकी सगळं मोडायचं आणि रांजणात परत घालायचं. पुन्हा एकत्र मळायचं, वर ओलं पोतं. मोडायला मुलं रडायची आधी. नंतर त्यांना त्याचीच मजा येऊ लागली. आपला हत्ती कुणाच्या घोड्यात गेला आणि कुणाचा नांगर आपल्या हत्तीत आला, यावर भांडणं.

सहावीत नलू नावाची मुलगी होती. आमच्याच वस्तीकडची. हात असा की माती तिचं ऐकायची, आणि जिभेलाही धार. एक दिवस ती म्हणाली, "सर, तुमची माती डब्यात काहून ठेवता?"

"कुठली माती?"

"तुमी आमाले करून दाखवता ती. सगळ्यायची रांजणात जाते. तुमची बिस्किटच्या डब्यात."

मी बघितलं. खरंच. खिडकीत पत्र्याचा डबा होता. त्यात माझा गोळा, ओल्या फडक्यात बांधलेला. महिनाभर मी रोज स्वतःची माती वेगळी काढून ठेवत होतो. मला पत्ताच नाही. हेडसरांच्या फराळाला, करीमभाईंच्या पाण्याला पकडायला निघालेला मी, माझाच हात मला दिसला नव्हता.

"ती नमुन्याची आहे," मी म्हणालो.

नलूनं मान हलवली. तिला पटलं नव्हतं. मलाही नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, हेडसरांनी बोलावलं. खुर्ची दिली. विचारपूस केली. मग टेबलावरचं वजन इकडून तिकडे ठेवत म्हणाले, "तुमच्या मातीकामाबद्दल काही पालकांचं म्हणणं आलं आहे."

"कपडे मळतात म्हणून?"

"तसंही. मुख्य म्हणजे ती माती एकत्र मळली जाते ना. पुन्हा तीच सगळ्यांच्या हातात. आता तुम्हाला-आम्हाला यात काही वाटत नाही. पण घरोघरच्या रीती असतात. मन मोडता येत नाही हो." मग हसले. "रांजण दोन करा. एवढंच. कुणाला काही बोलायची गरज नाही. या मुलांची माती दुसऱ्या रांजणात. काम बंद करा, असं मी म्हणत नाहीये."

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. नावं होती. मी वाचली नाहीत, वाचायची गरज नव्हती. पहिलं नाव नलूचं होतं, तेवढं दिसलं.

"यंदा तुमचं कायम व्हायचंय," ते म्हणाले. "तपासणीही आहे. अशा वेळी तक्रार नको. तुम्ही समजूतदार आहात."

आता इथे मी टेबलावर मूठ आपटली असं लिहायला मला फार आवडेल. मी म्हणालो, "हो सर."

आणि आपण होऊन त्याच संध्याकाळी करीमभाईंच्या सायकलवर दुसरा रांजण आणवला. सोमवारी आणला असता तरी चाललं असतं. दुसरी खेप. वीस पावलं सायकलमागे चालल्यावर मला ते आठवलं. अर्धा मैल नदी, डोक्यावर टोपलं, मास्तरांच्या तोंडाकडे बघणारा मी. करीमभाई एका हातानं रांजण सावरत म्हणाले, "मास्तर, हा कोणाले?" मी म्हटलं, "शाळेला." त्यांनी नुसती सायकल पुढे ढकलली.

घरी काही बोललो नाही.

शनिवारी सकाळची शाळा. सहावीचा वर्ग. दोन रांजण शेजारी शेजारी. चिठ्ठी माझ्या खिशात. मुलांनी काम केलं, मोडलं, गोळे हातात घेऊन रांगेत उभी राहिली. पहिली नलू.

"सर, दुसरा रांजण कोणाचा हाये?"

तिनं सहज विचारलं होतं. तिला ठाऊक नव्हतं. मी जर आता बोट दाखवलं असतं तर ठाऊक झालं असतं, आणि मग जन्मभर राहिलं असतं. तिलाही एखाद्या दिवशी पत्र्याचा डबा सापडला असता, स्वतःच्या खिडकीत.

मी खिडकीत गेलो. डबा उघडला. फडकं सोडलं. माझा गोळा काढला आणि पहिल्या रांजणात टाकला. नुसता टाकला नाही. अंगठ्यानं दाबला. एकजीव केला.

"कोणाचाच नाही," मी म्हणालो. "माती इथेच टाका. सगळे."

कुणी ओरडलं नाही की माती इटाळली. मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. मान खाली घालून वाट बघत होतो. मुलं आली, टाकली, गेली. एका पोराचा गोळा दुसऱ्याच्या पायावर पडला, त्यावरून दोन धपाटे झाले. एवढंच.

शाळा सुटल्यावर रांजणातून मूठभर माती घेतली आणि हेडसरांच्या खोलीत गेलो. हात कोपरापर्यंत बरबटलेले.

"सर, रांजण एकच राहील. ही त्यातलीच. त्यात माझी आहे, मुलांची आहे, चिठ्ठीतली आहेत त्यांची, नाहीत त्यांची. बघा, चांगली मळली गेली आहे." मी हात पुढे केला.

त्यांचे हात टेबलाखाली होते. ते तिथेच राहिले.

"हां. ठेवा ना तिकडे," ते म्हणाले. "वाळू द्या."

खोलीत पंखा फिरत होता. मी ती मूठ तशीच धरून उभा. ते कशासाठी म्हणाले? फायली खराब होतील म्हणून? धोतर स्वच्छ होतं म्हणून? की ते दुसरं? वीस वर्षांत पहिल्यांदा मला हवामान खातं उघडावंसं वाटलं नाही. त्यांच्या मनात काय होतं हे शोधायचं काम माझं नव्हतं. ती त्यांची नोकरी.

मी म्हणालो, "वाळू देणार नाही, सर."

चिखलाच्या हातानंच खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. ती ओली झाली होती. नावं एकमेकांत मिसळली होती.

त्या वर्षी मी कायम झालो नाही. पुढच्याही नाही. दोन-तीन मुलांनी मातीचा तास सोडला. त्यांतल्या एकानं सोडला आणि महिन्यानं परत आला, कारण कपाटात त्याचा बैल नव्हता. तपासणीचे साहेब आले तेव्हा हेडसरांनी त्यांना धांड्याच्या बंड्या दाखवल्या. मी त्यांना पुढे नेऊन रांजण दाखवला, आणि बैल ज्या ज्या मुलांनी केले त्यांची नावं घेऊन सांगितली. पहिलं नाव नलूचं.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी दुपारी मी घरी आलो आणि कमलला सगळं सांगितलं. दुसरा रांजण, चिठ्ठी, डबा, वाळू द्या. ती अंगणात शेंगा फोडत होती. ऐकत होती आणि फोडत होती. मला वाटलं, आता म्हणेल, कायम व्हायचं होतं ना तुमचं. किंवा म्हणेल, बरं केलं. मी दोन्हींसाठी तयार होतो. दोन्हींवर माझी उत्तरं ठरली होती.

"दुसरा रांजण कालच आनला होता?" तिनं विचारलं.

"हो."

"आन् मले आज सांगून राहिले."

मी तिथेच अंगणात बसलो.

मग ती म्हणाली, "तो रांजण घरी आना. पान्याले पायजेच होता मले. तुमचे हेडसर आले कधी तं त्यातलंच देईन." शेवटची मूठ फोडली, टरफलं झटकली आणि उठली. "आन् काहून बसले असे? शाळेची किल्ली करीमभाईपासून मांगून आना आजच. उद्या आइतवार हाये. पोतं कोन भिजवन?"